एक मेच्या सकाळचा विस्तव

मॅलकी कॉन्सिडाइन वकील बोलायला उभा राहिला की क्लेअर परगण्यातल्या कोंबड्या अंडी घालायचं विसरत आणि न्यायाधीशाच्या टोपातले केस ताठ होत. नावाड्याचा पोरगा. डब्लिनला जाऊन वकील झाला, भाषणांपायी दोनदा तुरुंगात जाऊन आला, आणि आता पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा होता.

तोच मॅलकी एनिस गावी फर्गल टूहीच्या दारात आला, तेव्हा त्याचा आवाज पार बसला होता.

टूही आधी पोलिसात होता. जमीनदाराच्या कुळांना घराबाहेर काढायला गेला नाही म्हणून नोकरी गेली. आता खासगी तपास करी. त्याचा सोबती बॅट स्कॅनलन घोडागाडी हाकायचा, आणि घोड्याला सुचल्याशिवाय त्याला काही सुचत नसे.

मॅलकीनं सांगितलं ते असं. एक मेच्या सकाळी जमीनदाराच्या कारभाऱ्याचं गवताचं कोठार जळालं. मॅलकीला तिथून पळताना पाहिलं, असं एडमंड गॅनननं शपथेवर सांगितलं. हा गॅनन विरोधी उमेदवाराचा चिटणीस, जन्म डब्लिनच्या फरसबंदीवर गेलेला. उद्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं राहायचं होतं.

"तेव्हा तुम्ही कुठं होतात?" टूहीनं विचारलं.

"दलदलीच्या वाटेवर. भाषणाची तालीम करत होतो."

"ऐकायला कोण होतं?"

"गाई."

"मग त्यांनाच साक्षीला आणू," बॅट म्हणाला. "मॅजिस्ट्रेटपेक्षा शहाण्या असतात."

उमेदवारी सोड, तक्रार मागे घेतो, असा कारभाऱ्याचा निरोप होता. पण टेकडीवरच्या कुळांना घराबाहेर काढायचा खटला तोंडावर आला होता. मॅलकी आत गेला तर त्यांच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. टेकडीवरची एकेक चूल विझली असती.

"बेड्या घालून नेऊ देत," मॅलकी म्हणाला. "नाव मागे घेणार नाही."

गाडीत बॅटची कुरकुर सुरू झाली. एक मेला त्याचा पाइप दिवसभर गार राहिला होता. सख्ख्या बहिणीनं निखारा दिला नाही. त्या सकाळी घरातला विस्तव बाहेर गेला की वर्षभराचं लोणी त्याच्या मागोमाग जातं म्हणे. दूध मागितलं तर तिनं झाडू उचलला.

टूहीनं गाडी कारभाऱ्याच्या घराकडे घ्यायला सांगितली.

कारभारी तोऱ्यात भेटला. नशीब, म्हणाला, गवत आदल्याच दिवशी दुसरीकडे हलवलं होतं. गॅनन निवडणुकीपुरता त्याच्याच घरी उतरला होता.

शाळेच्या बाईंनी सांगितलं की धूर दिसण्याआधी त्यांनी गॅननला रस्त्यावर पाहिलं, चिमट्यात पीटचं, दलदलीतल्या जळाऊ मातीचं, धुमसतं ढेकूळ धरून चाललेला.

गॅनन यावर हसला. त्याचं म्हणणं, काडेपेटी दमटली होती, म्हणून कोठारासमोरच्या मेलिकन म्हातारीकडून पाइपासाठी विस्तव मागून घेतला, आणि तिच्याच दारातून मॅलकीला पळताना पाहिलं. पोलिसांनी तिला विचारलंय की, तो म्हणाला, ती नाही म्हणालेली नाही.

ती हो तरी कशी म्हणणार? पोलिसांनी तिच्या भावाला घराबाहेर काढलं तेव्हापासून ऑनर मेलिकन सरकारी माणसाशी एक शब्द बोलली नव्हती. टूहीला तिनं खालपासून वरपर्यंत पाहिलं, त्याची जुनी वर्दी तिला आठवली, आणि अर्धं दार लावून घेतलं.

"संपलं," बॅट म्हणाला.

"लेका, तूच तर सगळं सांगितलंस," टूही म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात मुंगीला शिरायला जागा नव्हती. टूहीनं मॅलकीच्या कानात काहीतरी सांगितलं. मॅलकी स्वतःच साक्ष काढायला उठला. म्हातारीला समोर बोलावलं. ती भिंतीकडे बघत उभी राहिली.

"ऑनरबाई, एकच विचारतो. हा माणूस सांगतो, मे महिन्याच्या पहिल्या सकाळी तुम्ही तुमच्या चुलीतला विस्तव त्याला दिलात."

म्हातारीची मान गर्रकन वळली. भावाचं घर गेलं तेव्हा ती गप्प राहिली होती. हे मात्र तिला सोसवलं नाही.

"मी?" ती म्हणाली. "त्या सकाळी? खुद्द पोप दारात आला असता तरी त्याला गार पाइप घेऊन परत पाठवला असता. माझ्या घरात तीन गाईंचं लोणी निघतं. हा मेला दाराशी फिरकलासुद्धा नव्हता."

कोर्टातल्या सगळ्या बायकांनी माना डोलावल्या.

मग टूही बोलला. त्या सकाळी अख्ख्या गावात कुणी कुणाला विस्तव दिला नाही. तरी गॅननच्या चिमट्यात विस्तव होता, हे तो स्वतःच कबूल करतो. म्हणजे तो न मागता उचललेला. तोही जिथं तो उतरला होता त्याच चुलीतून, म्हणजे कारभाऱ्याच्या. कोठारातलं गवत आदल्या दिवशीच हललं, कारण कोठार जळणार हे ठरलेलं होतं. शाळेच्या बाईंनी पाहिलं म्हणून विस्तवाला मालक शोधावा लागला. म्हातारी पोलिसांपुढे तोंड उघडणार नाही, ही इथली रीत गॅननला ठाऊक होती. दुसरी रीत ठाऊक नव्हती.

गॅननला शेजारच्याच दारानं कोठडीत नेलं. कारभारी आधीच खिडकीतून निसटला होता, पण बाहेर बॅटच्या घोड्यानं त्याचा कोट दातात धरून ठेवला होता.

मॅलकी टेकडीचा खटला लढला, जिंकला, मग निवडणूकही. निकालाच्या संध्याकाळी डोंगराडोंगरावर होळ्या रचल्या गेल्या. त्या पेटवायला मेलिकन म्हातारी स्वतः फावडंभर निखारे घेऊन दारात आली.

"न्या," ती म्हणाली. "आज लागेल तेवढा विस्तव न्या."

मग बॅटकडे वळली. "आण रे तुझा तो पाइप. किती दिवस गार ठेवशील?"