टाकाऊ खान्यातले निळे धागे

ठिपकू यंत्रमानवाने आजोबांच्या रक्ताचा अहवाल राजसीच्या हातात दिला आणि तो चक्क कोरा निघाला. महिन्यापूर्वी आजोबांच्या स्वादुपिंडातली (जठरामागची, पाचकरस तयार करणारी ग्रंथी) कर्करोगाची गाठ काढली होती. ती परत येईल का, कडक औषध लागेल का, हे रक्ताने सांगायचं होतं. रक्त मात्र गप्प.

आजोबांच्या प्रयोगशाळेत त्याच रक्तातल्या पेशीचं त्रिमितीय प्रकाशचित्र खोलीभर तरंगत होतं. राजसी अलगद त्यात शिरली. निळे धागे तिच्या केसांतून, बोटांमधून संथ वाहत गेले आणि 'टाकाऊ' लिहिलेल्या खान्यात विरले.

"आजोबा, हे कोण?"

"आरएनए. डीएनएतल्या माहितीच्या फिरत्या नकला. काहींवरून प्रथिनं (शरीर घडवणारे, चालवणारे रेणू) बनतात. हे निळे आयतोबा काहीच बनवत नाहीत. असले दिसले की फेकून दे, असं ठिपकूला मीच शिकवलंय."

"आपले दामूकाकाही लग्नात एक पदार्थ रांधत नाहीत. नुसते फिरतात. 'जिलबी आणा, भात थांबवा.' ते नव्हते तेव्हा पंगतीचा केवढा बोजवारा उडाला होता!"

आजोबांनी खान्यात विरणारे निळे धागे निरखून पाहिले. जन्मभर प्रथिनांतच रमलेला माणूस. जगाने या धाग्यांचं काम ओळखलं, तरी या हट्टी म्हाताऱ्याने आपला नियम बदलला नव्हता. आता त्या नियमात त्यांचंच रक्त अडकलं होतं.

"ठिपकू, निळे मोज," ते हळूच म्हणाले. "राजसी, हे धागेच पेशीला सांगतात, हे वाढव, ते थांबव. यांतली एक जात फार वाढली, तर गाठ लवकर परतण्याचा संभव असतो. ही भाकीतखूण (आजार पुढे कसा वळेल ते सुचवणारी खूण). सुचवणारी हं, काळ्या दगडावरची रेघ नव्हे."

"ती जात जास्त आहे," ठिपकू म्हणाला.

राजसीचे डोळे भरले. "वाईट ना?"

"वाईटच. मला भीतीही वाटतेय. पण आज कळलं, म्हणून डॉक्टरांना औषध लगेच ठरवता येईल. बस जवळ."

ती त्यांना बिलगून बसली. निळा उजेड दोघांवरून सरकत राहिला.

"या नियमामुळे कोरे राहिलेले इतर रुग्णांचे आणखी चारशे बारा अहवाल आहेत," ठिपकू म्हणाला. "आधी तुमचा सविस्तर करू, की ते उघडून निळे मोजू?"

"ते उघड," आजोबा म्हणाले. "त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असेल."