मंदवणी

रंगपंचमीचा रंग अंगावरून धुतला, की दुसऱ्या दिवशी सकाळी सारं चंद्रपूर मंद व्हायला रांगेत उभं राही. कागदोपत्री त्याला 'उन्हाळी चयापचय नियमन' म्हणत. पण सरकारी भाषा सरकारपाशी, लोकांनी त्याला मंदवणी म्हणून टाकलं होतं. तान्ही पोरं सोडून प्रत्येकाच्या गळ्याच्या हाडाखाली ज्वारीच्या दाण्याएवढी कुपी बसवलेली असे, ती मंदिका. नर्सबाईने तिच्यावरून यंत्र फिरवलं, की मंदिका थेंबाथेंबानं औषध सोडू लागे आणि गळ्यातली थायरॉईड ग्रंथी तीन आठवड्यांत निम्म्यावर येई. सप्टेंबरात पुन्हा यंत्र फिरे, औषध थांबे. ती चेतवणी.

थायरॉईड म्हणजे शरीराच्या चुलीची फुंकणी. ती जोरात असली तर अंग तापतं, मन पळतं. ती मंदावली की सगळंच विझत जातं. जुन्या काळी ती आपोआप मंदावे, तेव्हा त्याला आजार म्हणत. माणसाचा चेहरा सुजे, केस गळत, चैत्रातही अंगावर शाल लागे, आणि बिचारा रोज सकाळी उपाशीपोटी गोळी घेई. शास्त्रज्ञांनी या आजाराकडे उलट्या बाजूनं पाहिलं. ज्याला चैत्रात शाल लागते, तो पंचावन्न अंशांत इतरांपेक्षा जास्त टिकेल की नाही? टिकला. मंदिका येण्यापूर्वीच्या शेवटच्या वैशाखात एकट्या चंद्रपुरात नऊ हजार माणसं गेली होती. तेव्हा मंदवणीला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती. सहा महिने माणसं कमी खात, कमी बोलत, एक वाक्य झालं की दुसऱ्यासाठी थांबून राहत. पण जगत.

रुचिरा वैरागडे, जिचे वडील त्या नऊ हजारांत गेले होते, त्या वर्षी सकाळी रांगेत उभी होती, तेव्हा तिची पाळी पंधरा दिवस चुकली होती. हे फक्त तिच्या सासूला, शशीबाईंना, ठाऊक होतं.

"कोनाले सांगू नोको," शशीबाईंनी घरातूनच बजावलं होतं. "तीन महिने होईस्तोवर तोंडातून शबद काढू नोको. मागच्या दोन्ही खेपेला मीच गावभर ढोल पिटला. काय झालं?"

काय झालं ते दोघींनाही माहीत होतं. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि दोन्ही वेळा पाळणा आणायच्या आधीच सगळं संपलं होतं.

नर्सबाईनं कार्डावरून मान वर न करता विचारलं, "पाळी?"

मागे नऊ बायका कान टवकारून उभ्या होत्या. "वेळेवर आहे," रुचिरा म्हणाली. यंत्र फिरलं.

मंद झाल्यावर दिवस मोजायची घाई राहत नाही. उन्हाळ्यात साऱ्याच बायकांची पाळी मागेपुढे होई, म्हणून कुणी काही विचारलंही नाही. रुचिरा दुपारभर ओल्या चटईवर पडून राही आणि पोटावर हात ठेवून स्वतःशीच हसे. इतकी निवांत ती जन्मात कधी नव्हती.

तीन महिने भरले तशा दोघी सासू-सुना उजाडता उजाडता गूळ-खोबरं घेऊन डॉक्टर इरावती मडावींकडे गेल्या. मंदिका ज्या चार जणांनी बनवली, त्यांतल्या या एक. दवाखान्याच्या गारव्यात त्यांना स्वतःला मंद व्हावं लागत नसे. त्यांनी गुळाचा खडा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

"रंगपंचमीला माहीत होतं तुला?"

"हो."

"मग बोलली का नाहीस गं?"

"मीच म्हनलं वो, डॉक्टरीणबाई," शशीबाई मध्ये पडल्या. "तीन महिने सांगत नाहीत न आपल्यात."

"तेच तीन महिने, शशीबाई!" डॉक्टरांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाची नसते. पुढेही ती नीट चालायला वेळ लागतो. तोवर त्याचा मेंदू आईच्या थायरॉईडवर वाढतो, आणि आईची आपण निम्म्यावर आणून ठेवली. वर हे औषध वारेतून बाळापर्यंतही जातं."

"म्हंजे लेकरू...?"

"जगेल. हातपाय धड असतील. मेंदूचं काय काय राहून गेलं, ते आज सांगता येत नाही. गेलेले महिने परत आणता येत नाहीत मला."

रुचिराला हे कळायलाही वेळ लागला. कळल्यावर रडू यायला हवं होतं, तेही आलं नाही.

"चेतवणी करा," ती म्हणाली. "आत्ता."

"अंगात चढायला तीन आठवडे लागतात. बाहेर चौपन्न अंश आहे, तुझ्या घरी वीज तीन तास. इथल्या गार वॉर्डात बावीस खाटा आहेत, बावीसही भरलेल्या. तू गेलीस तर बाळही जाईल."

"नाही केलं तर?"

"आणखी राहून जाईल."

"करा."

शशीबाईंनी पदर तोंडाला लावला होता. "तपासायची पट्टी असते न वो? मग रांगेत समद्यायची काऊन नाही तपासत?"

"दोन वर्षं तपासली. गावासमोर कळतं म्हणून बायकांनीच मोर्चा काढला, मग बंद झालं. यंदा अशी ही एकतिसावी बाई. मी दरवर्षी वर पत्र लिहिते. उत्तर येतं, मंदिकेनं किती जीव वाचवले ते मोजा. ते मोजले, की माझंच तोंड बंद होतं."

रुचिरा घरी आल्यावर चौथ्या दिवशी रडली आणि मग थांबेना. उरलेला उन्हाळा तिनं भोगला. साऱ्या मंद गावात तीच एक जागी होती, तिचंच काळीज धडधडत होतं. तिचा नवरा तुषार स्वतः मंद असूनही दर तासाला उठून तिच्यावर ओली चादर टाकी. जुलैत ती दोनदा बेशुद्ध पडली. तरी वाचली, आणि नोव्हेंबरात मुलगी झाली.

बारशाला मोहल्ल्यातल्या बायका जमल्या. मुलीचं नाव आर्द्रा ठेवलं. घुगऱ्या वाटल्या, गाणी झाली, भांडी खणखणली. आर्द्रा पाळण्यात डोळे उघडे ठेवून पडून होती.

"अगं बाई, किती गुणी लेकरू! एवढ्या गोंगाटात हूं नाही की चूं नाही."

"गुणी नाही ती," रुचिरा एकदम म्हणाली. मग तिनं सगळं सांगून टाकलं: लपवलेले दिवस, मंदिका, न वाढलेला मेंदू, बाळाची मंदच राहिलेली ग्रंथी, डॉक्टरांनी तिला सुरू केलेले आणि जन्मभर पुरे न पडणारे थायरॉईडचे थेंब. शशीबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या, त्यांनी सुनेला अडवलं नाही. कुणी चुकचुकलं, कुणी रुचिराच्या पाठीवरून हात फिरवला. ओटी भरून एकेक बाई निघून गेली.

शेजारची सोनल तेवढी मागे राहिली. तिचं पहिलं पोर, मंदिका नसलेलं तान्हं, गेल्या वैशाखात गेलं होतं. रात्रंदिवस रडून, अंग तापून, तिच्याच मांडीवर. ती पाळण्यापाशी उकिडवी बसून आर्द्राकडे टक लावून बघत राहिली.

"ताई," ती हळूच म्हणाली, "असं शांत लेकरू उन्हात टिकत असेल न?"

रुचिरानं पाळण्याची दोरी ओढली. टिकत होतं; मागच्या वर्षांची अशी लेकरं उन्हाळ्यात तगल्याचं डॉक्टरांनीच तिला सांगितलं होतं.

"मग मले एक सांगा," सोनलनं तिचा हात धरला. "रंगपंचमीच्या किती अगोदर दिवस राहायला पाहिजेत?"