कय्यूम गादीवाल्याच्या मयतीचं ऐलान

वाशीमच्या जुन्या मशिदीत बांग देणारे मुनाफचाचा त्या दुपारी नमाजेआधी हातपाय धुवायचा वजूचा हौद घासत होते. तेवढ्यात दाढीत कापूस अडकलेला एक म्हातारा जोडे काढून आत आला.

"ऐलान करा. कय्यूम गादीवाला गुजरला. असरच्या नमाजेनंतर जनाजा हाय."

चाचा सावध झाले. मागच्याच महिन्यात त्यांनी एका मयतीची वेळ चुकीची पुकारली आणि पोटच्या पोराला बापाच्या मातीला पोचता आलं नाही. पुन्हा चूक झाली तर मशिदीमागची खोली सोडावी लागेल, असं मशीद कमिटीच्या सदरसाहेबांनी बजावलं होतं. दुधानं तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून प्यायचं.

"तुमी त्याईचे कोन?"

"घरचाच."

घरच्यानं सांगितल्याशिवाय पुकारायचं नाही, हा दंडक. तो पाळला गेला. चाचांनी माईकवर नाव दोनदा पुकारलं.

दहा मिनिटांत सदरसाहेब तणतणत आले. सोबत स्वतः कय्यूमभाई, आपल्या पायांनी चालत. कारंज्याहून येऊन चाचांना दोनच महिने झालेले, गादीवाल्याचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आता पाहिलं. मघाचा म्हातारा हाच.

"तुमीच तं सांगून गेले..."

"मी? मी तं सकाळपासून गादी भरून राह्यलो," कय्यूमभाई म्हणाले.

"नमाज झाली का चूक दुरुस्त करा," सदरसाहेब म्हणाले. "मंग खोलीचं पाहू."

जनाज्यासाठी आलेल्यांनी मशीद भरली. कय्यूमभाई चाचांच्या उजवीकडे उभे राहिले, खांद्याला खांदा लावून. डावीकडची जागा उशिरा कुणीतरी भरली. नमाजेत कुणी इकडेतिकडे पाहत नाही.

शेवटी चाचांनी मान वळवून सलाम फेरला. उजवीकडे कय्यूमभाई होते. मान डावीकडे वळवली... तिकडेही कय्यूमभाईच.

चाचांना काही सुधरेना. सदरसाहेब पुढे आले, डावीकडच्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे काय बसले कय्यूमभाई. करा ऐलान."

उजवीकडच्यानं सदरसाहेबांची बाही धरली. सदरसाहेबांचं तिकडे लक्षही गेलं नाही, जणू बाही कुणी धरलीच नव्हती.

"कय्यूम गादीवाले हयात आहेत," चाचांनी पुकारलं. खोली वाचली. कोणाला हयात म्हटलं, हे मात्र त्यांना आजही कळलेलं नाही.

गादीचं दुकान रोज उघडतं. रोज असरला चाचांच्या उजव्या खांद्याला एक खांदा येऊन टेकतो. त्या बाजूला सलाम फेरताना चाचा डोळे मिटून घेतात.