काम झाल्यावरचा अर्धा तास

त्या रविवारी बाबांनी घरातली वीज पुन्हा पुन्हा घालवली.

“अहो, इथे अंधारात माझी भाजी करपतेय!” आई स्वयंपाकघरातून ओरडली. “तो तुमचा डबा बंद करा एकदाचा, नाहीतर मीच बंद पडेन.”

“डबा नाही, वेल्डिंग मशीन आहे,” बाबा बाहेरच्या जिन्यावरून म्हणाले. “शब्द नीट वापर. मुलगी मुद्रितं तपासते आपली.”

मुलगी तेव्हा त्यांच्याशेजारी पायरीवर बसून लोखंडाची चौकोनी नळी धरत होती. आमच्या घराचा गच्चीवर जाणारा जिना बाहेरून आहे आणि त्याला कठडा नव्हता. घर बांधताना राहून गेला, तो राहूनच गेला. पुढे आईचे गुडघे गेले. पण तिची झाडं गच्चीवर होती, त्यामुळे ती रोज भिंत चाचपडत एकेक पायरी चढायची आणि आम्ही खाली जीव मुठीत धरून उभे. निवृत्त झाल्यावर बाबांनी मनावर घेतलं. कुणाकडून तरी पिशवीत मावेल एवढं मशीन मागून आणलं, नळ्या कापून आणल्या आणि पायात सपाता घालून कामाला बसले.

“घट्ट धर. आणि डोळे मीट.”

मी मान वळवून डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतूनही पांढरा उजेड आत आला. जळका वास सुटला.

“बसला टाका!” बाबा म्हणाले. “वाकडा आहे, पण आपला आहे. बाकीचं उद्या.”

जेवताना त्यांनी भाजी करपल्याची तक्रार केली. ती कुणामुळे करपली, ते आईने सांगितलं. मग ते झोपले आणि सकाळी उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. त्रास झाला नसणार.

माझे डोळे लालभडक झाले होते. आत वाळू गेल्यासारखे खुपत होते, पाणी थांबत नव्हतं. आलेला प्रत्येक जण मला जवळ घेऊन म्हणाला, “रड, पोरी, रडून घे.” ते रडणं नव्हतं. दोन दिवसांनी डोळे निवळले, तेव्हा लोक म्हणाले, “खंबीर आहे हो. हिच्याकडे बघून आईनेही धीर धरलाय.” मग मला खंबीर राहणं भागच पडलं.

पंधरवडा उलटला आणि एका सकाळी दाराची घंटा वाजली. दारात एक उंचसा माणूस उभा होता. बाह्या वर सारलेल्या, काखेत वेल्डिंगचा काळा मास्क.

“काका आहेत? मशीन घेऊन गेले, आणि मास्क माझ्याच टेबलावर विसरले. बरेच दिवस झाले… म्हटलं, तसंच सुरू केलं असेल तर कान पकडावा.”

मी दाराला धरून उभी राहिले. उत्तर अगदी साधं होतं. मी नुसती त्या मास्ककडे बघत राहिले. मागून आईच म्हणाली, “ते गेले, बाळा. झोपेतच. ये, आत ये.”

तो आत आला नाही. मास्क एका हातातून दुसऱ्या हातात घेत उभा राहिला. आई त्याला पाणी आणायला वळली, तेव्हा हळूच मला म्हणाला, “माझ्याशी भांडायचे ते. रोज. मला मास्तर म्हणायचे. का, ते मला अजून कळलं नाही.”

मास्तर म्हणजे हा, तर! बाबांच्या तोंडून मी ते नाव ऐकलं होतं – ‘मास्तरच्या कारखान्यात जाऊन येतो.’ तो सायकली बनवायचा. सामान वाहायच्या, म्हाताऱ्यांच्या, एक पाय अधू असणाऱ्यांच्या… ज्याला जशी हवी तशी.

“मशीन घेऊन जा ना,” मी म्हणाले.

पण तो जिन्याकडे बघत होता. दोन वाकड्या नळ्या उभ्या होत्या आणि पुढे सगळा जिना मोकळा.

“कंत्राटदाराला बोलावलं होतं,” मी सांगितलं. “हे दोन्ही उपटून नव्याने करतो म्हणाला. आईने त्याला चहासुद्धा दिला नाही.”

“मग कोण करणार?”

“मी.”

हे मी कधी ठरवलं, मलाच ठाऊक नाही.

“वेल्डिंग येतं?”

“नाही. पण चुका सापडतात. त्यावरच माझं पोट आहे.”

तो पहिल्यांदा हसला. एका गालात, जरा संकोचून. “रविवारी येतो,” म्हणाला. “पण माझे नियम पाळावे लागतील. सगळे.”

रविवारी तो आला आणि मशीनकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघून त्याने कपाळाला हात लावला.

“हे काय घातलंय?”

“का? वाईट दिसतंय?”

“छान दिसतंय. म्हणूनच बदला. हे कापड ठिणगीने वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुती घाला, पूर्ण बाह्यांचं. ओढणी नको. पायात बूट.”

मी बाबांचा सुती सदरा घालून आले. तो माझ्यासाठी चामड्याचे हातमोजे घेऊन आला होता. ते घातल्यावर लक्षात आलं की मनगटाची बटणं उघडी आहेत.

“आधी बटणं, मग हातमोजे,” तो म्हणाला.

“आधी सांगायचं ना, मास्तर.”

“हात पुढे करा.”

त्याने खाली बघत बटणं लावली. एवढ्याशा कामाला त्याने बराच वेळ घेतला. मीही घाई केली नाही.

मग नियम सुरू झाले. पायपुसणं, गोणपाट, आईने जमवलेला पाचोळा, सगळं जिन्यापासून लांब गेलं. शेजारच्या बाजूला पत्रा उभा राहिला, त्यांच्या मुलांनी उजेडाकडे बघू नये म्हणून. वाळूची बादली हाताशी आली. बाबा मशीन फ्रिजच्या प्लगवर चालवायचे, हे ऐकून त्याने डोळे मिटले. पंपाच्या जाड वायरीच्या पॉइंटवरून जोडणी झाली. गुंडाळलेली वायर त्याने पूर्ण उलगडायला लावली. “गुंडाळलेली राहिली की आतल्या आत तापते,” म्हणाला. “बाहेरून कळत नाही.”

“जमिनीवर ओल नाही ना, हे तुम्ही बघायचं. वेल्डिंगची कांडी कोरडी, हातमोजे कोरडे. आणि टाका मारायच्या आधी मोठ्याने ओरडायचं – डोळे!”

“डोळे!” मी ओरडले. घरातून आईने खिडकी लावल्याचा आवाज आला.

काहीच झालं नाही. मास्कच्या काचेतून नुसता काळोख.

“मशीन बिघडलं.”

“मशीन ठीक आहे. अर्थिंगचा चिमटा तुम्ही रंगावर लावलाय. रंग खरवडून उघड्या लोखंडावर लावा.”

लावला. कांडी टेकवली. ती चिकटून बसली.

“चिकटली! आता?”

“होल्डरची मूठ दाबा, सोडून द्या. ओढाताण नको… काडी पेटवतो तशी ओढायची, आणि लगेच किंचित उचलायची. टेकून राहायचं नाही, लांबही जायचं नाही.”

“बोलायला सोपं आहे.”

“बोलायला अवघडच आहे,” तो म्हणाला, आणि सरळच असलेली वायर पुन्हा सरळ करू लागला.

मग ते जमलं. काळोखात एक हिरवा थेंब उजळला आणि त्याच्या कडेने लोखंड वितळून हळू सरकू लागलं. त्या थेंबापलीकडे जग नव्हतं. घर नव्हतं, आलेगेलेले लोक नव्हते, कुणाला धीर द्यायचा नव्हता.

“ही नळी हलतेय. जरा धरता?” मी विचारलं.

“माणसाने धरायचं नसतं. क्लॅम्प लावायचा.”

“बाबांसाठी नळी मीच धरायचे. डोळे मिटून.”

“डोळे मिटून भागत नाही,” तो हळू म्हणाला. “मग रात्री डोळ्यांत वाळू…”

“हो. सकाळी लाल होते. त्या सकाळी. सगळ्यांना वाटलं, मी रडतेय.”

हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. त्याने क्लॅम्प घट्ट आवळला, हातोडीने जोडावरची काळी खपली उडवली, आणि खालचा जोड मला दाखवला. ओबडधोबड, पण धरलेला.

मशीन बंद झाल्यावर मला वाटलं, झालं.

“बसा,” तो म्हणाला. “काम झाल्यावर अर्धा तास बसायचं. ठिणगी कुठे फटीत जाऊन धुमसत असेल तर तेवढ्यात कळतं. हा सगळ्यात महत्त्वाचा नियम, आणि हाच कुणी पाळत नाही.”

आम्ही पायरीवर बसलो. आईने चहा दिला. बोलायलाच हवं असं काही नव्हतं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा कुणी माझ्याशेजारी बसलं होतं आणि मला “कशी आहेस?” विचारत नव्हतं.

असे रविवार गेले. मी आठवडाभर मुद्रितं तपासायची, बँकेत जायची, बाबांच्या वस्तूंचं काय करायचं ते ठरवायची, आणि मग न ठरवताच कपाट लावून टाकायची. रात्री पाठ टेकली तरी थकवा उतरायचा नाही. अंगावरून काढून ठेवता येत नाही असा कोट जणू. रविवारी मात्र कठड्याची एखादी नळी वाढायची. कधी सकाळीच एखादी चुकार सर येऊन जायची, जिना ओला व्हायचा आणि काम रद्द. त्या दिवशी तो परत जाऊ शकला असता. “जिना वाळेल बहुतेक,” म्हणत तो बसून राहायचा. आभाळ भरून आलेलं असलं, तरी मी म्हणायची, “हो, वाळेल.”

“तुम्ही दोघं कठडा बांधताय की धरण?” आई विचारायची.

“काकू, घाईचं काम वाईट.”

“माझे गुडघे काय वाट बघणारेत? वरची झाडं बघायला मी पुढच्या जन्मी जाऊ?”

ती खरंच घाबरवायची. पूर्ण होईपर्यंत वर जायचं नाही, असं बजावलं तरी ती जायची. एकदा मधल्या पायरीवर तिचा तोल गेला आणि मास्तरने उडी मारून तिला सावरलं. त्यानंतर तिचं वर जाणं कमी झालं, तरी मला नीट झोप लागेना. कठडा लवकर व्हायला हवा होता. आणि तो झाला की मशीन जाणार होतं, मशीनवाला जाणार होता… एकाच वेळी दोन्ही गोष्टी मला हव्या होत्या.

शेवटची नळी बसली, वरची, हाताने धरायची नळीही जोडून झाली. फक्त घासणं राहिलं होतं. मास्तर खाली वाकून एकेक जोड बघत गेला आणि मधल्या एका जोडापाशी थांबला.

“हा कापून परत करावा लागेल.”

“का?”

“आत… पोकळी असेल. भरवसा नाही.”

मी वाकून पाहिलं. पाहायला त्यानेच शिकवलं होतं. ओळ सलग होती, कडा दोन्ही बाजूंना नीट मिसळल्या होत्या, कुठे भोक नाही, कुठे खपली अडकलेली नाही. माझ्या हातचा सगळ्यात चांगला जोड होता तो. मी वर बघितलं. तो जिन्याखालच्या बादलीकडे बघत होता. कान लाल झाले होते.

“पुढच्या रविवारी करू?” त्याने विचारलं.

चूक नसताना दुरुस्ती करायची नाही, हा माझ्या धंद्याचा पहिला धडा.

“कापा,” मी म्हणाले.

पुढच्या रविवारी तो जोड मी पुन्हा केला. पहिल्याइतका चांगला नाही आला. घासून झालं, खपल्या झाडून झाल्या. आईने कठड्याला हात लावून बघितला. “धरलं की धरल्यासारखं वाटतं,” म्हणाली. मग एकटीच, सावकाश, न थांबता, वर गेली. वरून तिचा झाडांना रागावल्याचा आवाज आला. “काय अवस्था करून घेतलीत रे…” मग आवाज बंद झाला. बराच वेळ ती खाली आली नाही आणि आम्ही वर गेलो नाही.

आम्ही पायरीवर बसलो, शेवटच्या अर्ध्या तासाला.

“तो जोड चांगला होता,” मी म्हणाले.

तो दचकला. “कुठला?”

“मास्तर.”

“… हो. चांगला होता.”

“मग का कापलात?”

“तुम्ही का कापू दिलात?”

एका बाजूला चहा निवत होता. कुठेही धूर नव्हता. अर्धा तास संपला, त्यानंतरचीही थोडी मिनिटं संपली. तो उठला. वायर गुंडाळू लागला, हातमोजे घडी करून पिशवीत ठेवले, मशीन उचललं.

“मास्क राहू दे तुमच्याकडे,” म्हणाला. “कधी लागला तर… येतो मग.”

तो फाटकापर्यंत गेला. मी पायरीवरच बसले होते. उठायचं त्राण नव्हतं. आणि पहिल्यांदाच वाटलं, त्राण नाही, हे कुणाला कळलं तरी चालेल. निदान त्याला.

“ऐका ना…”

तो थांबला.

“मी दमलेय.” आवाज माझा वाटला नाही. “फार दमलेय. बाबा गेले, आणि तेव्हापासून मी नुसती उभी आहे. सगळ्यांना वाटतं, हिला जमतंय. नाही जमत. तुम्ही शेजारी बसलात की तेवढा वेळ मला दमता येतं.”

त्याने मशीन खाली ठेवलं. मला समोरचं काही नीट दिसेना. या वेळी डोळ्यांत वाळू नव्हती.

“कठडा झाला, हे माहीत आहे मला. काही काम उरलेलं नाही. पण जाऊ नका. मला तुम्ही हवे आहात.”