जर्मनमध्ये नसलेला शब्द

“इच बिन कौमुदी... इच कोमं आउस वॉलॉंगॉंग...”

कानात इअरफोन असले की आपण किती मोठ्यानं बोलतोय ते कळत नाही. सिडनीला निघालेली ट्रेन बोगद्यातून बाहेर आली, खिडकीभर समुद्र आला, काचेवर पावसाची भुरभुर सुरू झाली, आणि समोरच्या सीटवरचा मुलगा चक्क हसला.

मी इअरफोन काढला. “एक्सक्यूज मी?”

“सॉरी. पण ‘इच’ नाही... ‘इश्श’.” माझ्या नावावरून ओळखलं असणार, कारण तो सरळ मराठीत बोलला. “लाजल्यावर म्हणतात ना, डिट्टो तसं.”

“जर्मन माणूस ‘मी’ म्हणताना लाजतो?”

“तो नाही लाजत. मराठी मुली लाजतात.”

आगाऊच आहे, मी मनात म्हटलं. आणि इअरफोन बॅगेत टाकून दिले.

त्याचं नाव निनाद. मूळ पुण्याचा, वॉलॉंगॉंगच्या हॉस्पिटलमध्ये फिजिओ. अकरावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून जर्मन घेतलं आणि मग त्याला ते आवडूनच गेलं. मी नाशिकची. मी स्कोअरिंग म्हणून संस्कृत घेतलं होतं, आणि आता जायचं होतं त्या जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

“ड्रेस्डेन? वा! म्युझियम, ऑपेरा... फिरायला चाललीस?”

“नाही, माझी एक... रांगोळी आहे. स्टीलची. तिकडे एका एक्झिबिशनमध्ये लागतेय. असंच आपलं.”

“स्टीलची रांगोळी? दाखव, दाखव.”

मी पोर्ट केम्बलाच्या स्टीलवर्क्समध्ये इंजिनिअर. वीकेंडला गॅरेजमध्ये टाकाऊ पट्ट्या नि वॉशर वेल्ड करून ठिपक्यांच्या रांगोळ्या करते. त्यातल्या सगळ्यात मोठीचा फोटो त्याला दाखवला. तो मोठा करून, लहान करून, आडवा धरून बघत राहिला. बाहेर एवढा समुद्र, पण याचं लक्षच नाही.

“हे तू केलंयस?” तो म्हणाला, आणि शेजारच्या अनोळखी ऑस्ट्रेलियन आजोबांपुढे फोन धरला. “शी मेड दिस, मेट!”

आजोबांनी मान डोलावली. हा असा खूश, जणू यानंच वेल्डिंग केलंय.

उद्घाटनाला मला दोन मिनिटं जर्मनमध्ये बोलायचं होतं. “नो वरीज, मी शिकवतो,” तो म्हणाला. मग दर शनिवारी आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, शिफ्ट संपवून, तो नॉर्थ बीचवर यायला लागला. एक बाक, चिप्सचा एक पुडा, भोवती टपलेले सीगल्स. वारा माझे केस माझ्याच तोंडात घालायचा, आणि ते बाजूला करावेत की नाही या विचारात त्याचा हात हवेतच थांबायचा... मी बघून न बघितल्यासारखं करायचे.

भाषण मी आधी मराठीत लिहिलं. तो एकेक वाक्य जर्मनमध्ये करत गेला आणि एका ठिकाणी अडला.

“‘मी इंजिनिअर आहे, हे असंच आपलं करते.’ हे नाही होणार.”

“का?”

“‘असंच आपलं’ला जर्मनमध्ये शब्द नाही.”

“काहीतरी असेल ना?”

“नाही म्हणजे नाही. काढून टाक. आणि तिथे म्हण, इश्श बिन क्युन्स्टलरिन. मी कलाकार आहे.”

कोणी कौतुक केलं की सगळ्यात आधी मीच आडवी यायचे. छे हो, असंच आपलं! आईसुद्धा नातेवाइकांना सांगायची, छंद आहे तिला. पण आता हे वाक्य चारचौघांत म्हणता आलं नाही, तर रांगोळी तिथे भिंतीवर राहील आणि मी गेले तशीच परत येईन, हे मला पक्कं कळत होतं.

“इश्श...” मी म्हटलं आणि खरंच लाजले.

“उच्चार पर्फेक्ट. लाजणं तेवढं कमी कर.” तो हसत नव्हता. “कौमुदी, तू कलाकार आहेस. मला ट्रेनमध्येच कळलं. तुला कधी कळणारे?”

त्या क्षणी मला भाषणाची अजिबात काळजी नव्हती. वेगळीच काळजी लागली होती.

ड्रेस्डेनला पोचले, सामान टाकलं आणि आधी नदीकाठी गेले. तिथलं मोठं चर्च युद्धात कोसळलं होतं, ते पुन्हा उभं केलंय. जुने काळवंडलेले दगड नव्या फिकट दगडांच्या मधेमधे बसवलेत. लपवलेले नाहीत, अगदी दर्शनी लावलेत. मी खूप वेळ बघत उभी राहिले. फोटो काढून निनादला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “बघ! लाजत नाहीयेत.”

संध्याकाळी छोट्याशा गॅलरीत माझी रांगोळी दिव्याखाली चमकत होती. सगळे माझ्याकडे वळले. मी मान वर केली.

“इश्श बिन क्युन्स्टलरिन.”

टाळ्या झाल्या. मला माझा अभिमान वाटला, भरपूर वाटला, उगाच कशाला लपवू?

नंतर गॅलरीवाल्या आजींनी माझ्या हातात पांढऱ्या फुलांचा गुच्छ ठेवला. का, मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले.

“आइनफाख झो!”

“म्हणजे?”

शेजारची मुलगी इंग्लिशमध्ये म्हणाली, “जस्ट लाइक दॅट. फॉर नो रीझन.”

मी फुलं घेऊन तशीच उभी. असंच आपलं! शब्द होता. चांगला घरोघरी वापरायचा शब्द होता.

सिडनी एअरपोर्टला बाहेर आले, तर समोर निनाद. हॉस्पिटलच्या युनिफॉर्ममध्ये, डोळे तारवटलेले.

“आइनफाख झो,” मी ट्रॉली त्याच्या पायाशी थांबवत म्हटलं. “खोटारड्या!”

त्याचे कान लाल झाले. “सापडला का तो...”

“तुला माहीत होता?”

“अकरावीपासून. पण तुझ्या भाषणात नको होता मला.” तो खाली बघत म्हणाला. “तू पाठवलेला भाषणाचा व्हिडिओ बघितला. वॉर्डमध्ये सगळ्यांना दाखवला. पेशंट्सनासुद्धा.”

“आणि शिफ्ट संपल्या संपल्या एवढ्या लांब कशाला आलास?”

“मी ना...” त्यानं ट्रॉलीचा दांडा धरला, सोडला. “असंच... आपलं.”

“अंहं. हा शब्द मला बंद, तर तुलाही बंद. नीट सांग. लाजणं कमी कर.”

त्यानं मान वर केली. कपाळावर आलेली माझी बट या वेळी त्याच्या हातानं खरंच बाजूला केली.

“तुझ्यासाठी आलो. मला तू आवडतेस, कौमुदी. ट्रेनमधल्या त्या चुकीच्या ‘इच’पासून.”

बोलायला मी कितीतरी वाक्यं तयार ठेवली होती, जर्मनमध्येसुद्धा. ती सगळी राहू दिली. मी त्याचा हात घट्ट धरला.

“इश्श...” मी म्हणाले.

हे मात्र मराठीतलं होतं.