चकचकीत गाड्यांचं वळण

"अजून एक पडला!" ढोल्या ओरडला आणि तिघंही कठड्यावरून उतरून धावली.

उताराच्या वळणावर टपालवाला रस्त्यात बसला होता. मोटरसायकल आडवी, पत्रं गटारात. रस्ता कोरडा होता. खडी नाही, खड्डा नाही. ब्रेक दाबला आणि गाडी साबणावरून गेल्यासारखी निसटली, एवढंच तो पुन्हापुन्हा सांगत होता.

सुट्टी लागल्यापासून हा तिसरा. आधी दूधवाला, मग चित्रकलेच्या बाई. बाईंचा हात अजून गळ्यात बांधलेला. वळणच वाईट, असं म्हणून मोठी माणसं मोकळी झाली होती.

टाचणी मात्र गाडीकडेच बघत राहिली. अंगाने काडी, पण नजर टोचणारी, म्हणून ती टाचणी. "मळक्या गाड्या इथून रोज उतरतात," ती हळूच म्हणाली. "पडतात त्या चकचकीतच."

तिघांतल्या तिसरीचं नाव बातमी, कारण गावभरचं सगळं तिला ठाऊक असायचं. तिचा चेहरा उतरला. तिन्ही गाड्या पान्हेकाकांच्या गॅरेजमधून नुकत्याच सर्व्हिसिंग होऊन निघाल्या होत्या. "टाचणे, तुझी आई आज चार वाजता..."

टाचणी गॅरेजकडे पळत सुटली, मागोमाग बाकीची दोघं. बस बंद झाल्यापासून आई दवाखान्यात कामाला पायीच जायची. आज ती पान्हेकाकांकडून जुनी मोटरसायकल घेऊन थेट हाच उतार उतरणार होती. चारला दहा मिनिटं होती.

तिघं गॅरेजवर पोचली तेव्हा आई हेल्मेटचा पट्टा लावत होती. पान्हेकाका फडक्याने टायरवर शेवटचा हात फिरवत होते. टायर काळाकुळकुळीत. टाचणीने बोट टेकवलं, ते सर्रकन घसरलं.

काका खुशीत सांगू लागले. जुनं ऑइल आणि पॉलिश, त्यांचं स्वतःचं मिश्रण, सुट्टीच्या गर्दीसाठी नवीन काढलेलं. गिऱ्हाईक आधी टायरच बघतं म्हणे. बाजूला आणि रस्त्याला टेकतो त्या भागालाही, सगळीकडे सारखं लावायचं.

"काका, गाडी धुता त्या उतरणीवर ही नुसती उभी करून दाखवा," टाचणी म्हणाली. "राहिली, तर महिनाभर गॅरेज मी झाडते."

"आणि मी पाणी भरतो," ढोल्या म्हणाला. मग त्याने बादल्या मोजायला घेतल्या.

काका हसत हसत गाडी ओल्या उतरणीवर घेऊन गेले. गिअर टाकला, ब्रेक करकचून आवळला. दोन्ही चाकं जाम. आणि तशीच, न फिरता, गाडी काकांना ओढत खाली निघाली. भिंतीला धडकून थांबली.

काकांनी त्याच जागी स्वतःची चिखलाने माखलेली गाडी लावली. ती तसूभरही हलली नाही.

"सकाळी अजून दोन गाड्या दिल्यात," काका पुटपुटले आणि फोनकडे पळाले. दोन्ही गाड्या अजून घरीच होत्या. मग ते साबण आणि घासणी घेऊन आईच्या गाडीचे टायर घासायला बसले, मिश्रणाचा डबा त्यांनी बातमीच्या हाती दिला. "हा लपवून ठेव, पोरी. माझ्यापासूनच."

साडेचारला तिघं वळणावर उभी होती. वरून आवाज आला. टाचणीने ढोल्याचं मनगट इतकं आवळलं की तो कळवळला. आई वळणावर आली, ब्रेक लागला, आणि गाडी शहाण्यासारखी थांबली.

आईने हेल्मेटची काच वर केली. "गाडी माझी. पण दर रविवारी टायर, चेन, ब्रेक तू बघायचे. तू हो म्हटल्याशिवाय मी ही चालवणार नाही."

टाचणीने वाकून दोन्ही टायर चाचपले.

"जा," ती म्हणाली.