वीतभर अंतरावर

ब्रशाचं टोक फुटलं होतं म्हणून नवा आणायला बाहेर पडलो, एवढीच त्या दिवसाची सुरुवात. बायको जाऊन पंधरा दिवस झाले होते. लेक फोनवर म्हणाली होती, "बाबा, काहीतरी करत राहा, नुसते भिंतीकडे बघत बसू नका." म्हणून गेलो. दुकानदार जुना ओळखीचा. त्याने काही न विचारता शून्य नंबरचा ब्रश काढून दिला आणि वर एक भालाईत फुकट दिला. चार सांत्वनाचे शब्द बोलला असता, त्यापेक्षा ते बरं वाटलं.

हा छंद सगळ्यांना ठाऊक नसतो, म्हणून आधी सांगून टाकतो. टेबलावर पट मांडून लढाया खेळतात. त्यासाठी जादूगार, राक्षस, भालाईत अशी बोटाच्या दोन पेरांएवढी माणसं लागतात. ती विकत मिळतात ती कोरी, करड्या प्लॅस्टिकची. रंगवायची आपली आपण. खेळात मला गती नाही, बसलो की हमखास हरतो. पण रंगवण्यात माझा हात धरणारा आमच्या मंडळींत कुणी नाही. जन्मभर लोकांच्या कवळ्या केल्या. दाताच्या मुळाशी पिवळी झाक किती द्यायची हे ज्याला कळतं, त्याला राक्षसाचे सुळे काय जड?

यात भिंगाशिवाय पान हलत नाही. पट्ट्याने कपाळावर बांधायचं जोडभिंग असतं. ते डोळ्यांवर ओढलं की वीतभर अंतरावरचं सगळं लख्ख दिसतं. सैनिकाच्या कमरपट्ट्याचं बक्कल दिसतं, बक्कलावरचा ओरखडाही दिसतो. वितीच्या पलीकडे मात्र सगळाच कारभार धूसर. खिडकी म्हणजे उजेडाचा चौकोन आणि समोर बसलेलं माणूस म्हणजे नुसता एक डाग.

त्या डागाशी मी तेवीस वर्षं गप्पा मारल्या.

दुपारी तीन वाजता बायको चहा आणून माझ्या उजव्या हाताशी ठेवायची. बशी वाजायची. मी मान वर न करता "ठेव" म्हणायचो, आणि जरा वेळाने समोरच्या खुर्चीत ती बसलेली दिसायची. म्हणजे डाग दिसायचा. मी बोलायचो, ती ऐकायची. ती मुळातच मितभाषी, आणि माझी टकळी एकदा सुरू झाली की दुसऱ्याला बोलायला फट मिळत नाही. कधी पाण्याऐवजी चहातच ब्रश बुडवायचो. रंगवणाऱ्या प्रत्येकाच्या हातून हे होतं. तेव्हा समोरचा डाग हसल्यासारखा हलायचा. चारला भिंग वर सरकवायचो तोवर ती उठून गेलेली असायची.

अशाच एका दुपारी मी तिला तिच्या वडिलांबद्दल सांगितलं.

सासरे शेवटच्या आजारात होते तेव्हा मेहुण्याचा फोन मी घेतला होता. "भाऊजी, ताईला लगेच पाठवा. बाबा तिचंच नाव घेतायत." दुसऱ्या दिवशी रंगकामाची स्पर्धा होती. तिला सांगितलं असतं तर त्याच पावली निघावं लागलं असतं, आणि गाडी चालवणार मी. एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय, असं मी मनाशी म्हटलं. स्पर्धा उरकली, दुसरं बक्षीस मिळालं, घरी येऊन चेहरा पाडून तिला सांगितलं, "आत्ताच फोन आला होता." आम्ही पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यानंतर मेहुणा तिच्याशी तुटकच वागला. बोलावूनही बहीण आली नाही, हे त्याच्या मनातून गेलं नाही. बिचारीला मात्र त्याचा राग कशाचा ते कधी समजलं नाही. कधीकधी ती मला विचारायची, "माझं काय चुकलं हो?"

तोंडावर कबूल करायची माझी छाती नव्हती. सासरे जाऊन नऊ वर्षं झाल्यावर, एका जादूगाराच्या झग्याची किनार रंगवता रंगवता, भिंगाच्या आडून सगळं सांगून टाकलं. फोन, स्पर्धा, थाप, काही म्हणता काही ठेवलं नाही. समोरचा डाग जागचा हलला नाही. संध्याकाळी तिने नेहमीसारखं जेवायला वाढलं आणि विचारलं, "मीठ कमी पडलंय का?" मी घास गिळला. केवढ्या मोठ्या मनाची बाई, माझा एवढा अपराध पोटात घातला आणि वर बोलून दाखवलं नाही. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही.

तर, नवा ब्रश घेऊन घरी आलो. भालाईत बाटलीच्या बुचावर चिकटवला आणि भिंग ओढून बसलो. तीन वाजले. बशी अर्थातच वाजली नाही. पण थोड्या वेळाने पाहिलं तर समोर डाग होता.

भिंग वर केलं, खुर्ची रिकामी. खाली ओढलं, डाग.

घाबरलो का? मुळीच नाही. बेचाळीस वर्षांच्या संसारानंतर आपल्याच माणसाची भीती कसली? मला रडू फुटलं. "आलीस?" एवढंच म्हटलं आणि रडतच भालाइताच्या बुटाला तपकिरी रंग दिला. तो बूट बिघडला, पुसून पुन्हा करावा लागला.

मग रोजचंच झालं. सकाळपासून तीन वाजायची वाट बघायची. भूक लागायला लागली, झोपही येऊ लागली. आणि माणसाचा लोभ सुटत नाही म्हणतात ते खोटं नाही. मला तिचा चेहरा बघावासा वाटायला लागला. मला माफ केलंय असं ती तोंडाने कधी म्हणाली नव्हती. ते चेहऱ्यावर दिसलं असतं. एकदाच, घटकाभर दिसलं असतं तरी मी निवांत झालो असतो.

"जरा पुढे ये ना," मी म्हटलं. "वीतभर अंतरावर आलीस की दिसशील मला."

दुसऱ्या दिवशी डाग थोडा मोठा दिसला. तिसऱ्या दिवशी आणखी मोठा. खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, कपड्यांची सळसळ नाही. खोलीत ओल्या प्लास्टरचा वास यायला लागला होता. माझ्या जुन्या कामाच्या जागी असायचा तसा, थंड. तिला भडक रंग आवडायचे, पण डाग करडाच दिसत होता. भिंगातून असंच दिसत असेल म्हटलं. आठव्या दिवशी त्याने खिडकी पूर्ण झाकली. मला दिवा लावावा लागला.

नवव्या दिवशी लेक न सांगता आली. तिच्याकडे घराची किल्ली असते. माझं बोलणं दाराबाहेरून ऐकत ती बराच वेळ उभी होती म्हणे. मी भिंग काढून स्वयंपाकघरात आलो तर ओट्याला टेकून उभी, डोळे लाल.

"कुणाशी बोलत होतात?"

लपवण्यात अर्थ नव्हता. "तुझ्या आईशी," मी म्हटलं. "वेडा झालो नाहीये मी. ती दुपारी समोर बसायची ना, तशीच बसते. मी तिला तिथंच... एक गोष्ट सांगितली होती. पाच वर्षांपूर्वी. तिने ऐकून घेतलं आणि पोटात घातलं. तेवढंच एकदा विचारायचंय."

लेकीने पदराने डोळे पुसले.

"कुठे बसायची आई?"

"समोरच्या खुर्चीत. तीन ते चार."

"बाबा..." तिने माझा दंड धरून मला स्टुलावर बसवलं. "आई त्या खोलीत कधी बसायचीच नाही. तुमच्या रंगाच्या वासाने तिचं डोकं उठायचं. श्वास रोखून चहा ठेवायची आणि बाहेर पळायची."

"असं कसं? रोज..."

"रोज तीन ते चार ती माझ्याशी फोनवर बोलायची. आतल्या खोलीत पलंगावर पडून. माझं लग्न झाल्यापासून चौदा वर्षांत एक दिवस चुकला नाही. 'तुझे बाबा सैनिकांना भाषण ठोकतायत,' म्हणायची आणि हसायची. काय बोलता ते तिला कधी नीट ऐकूही यायचं नाही. तुम्ही काय सांगितलं होतंत तिला?"

ते मी लेकीला सांगितलं नाही. आजतागायत सांगितलेलं नाही.

म्हणजे बायको गेली ती काहीच न कळता गेली. आपलं काय चुकलं याचा विचार करत गेली. माझी कबुली तिच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. मीठ कमी पडलंय का, या प्रश्नाचा अर्थ मीठ कमी पडलंय का एवढाच होता. आणि मी पाच वर्षं स्वतःला माफ झालेला माणूस समजून पोटभर जेवत होतो. मला स्वतःची शिसारी आली.

लेक म्हणाली, "उद्यापासून ती खोली बंद." मी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती आईच्या पलंगावर आडवी झाली, तिचा डोळा लागला, आणि मी खोलीचं दार ढकलून आत गेलो. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. जे सगळं तिला सांगायचं होतं, ते मी कुणाच्या तरी ओटीत टाकलं होतं. निदान ते परत घ्यावं असं काहीतरी डोक्यात होतं.

टेबलाशी बसलो. भिंग खाली ओढलं. मान वर करण्याचा धीर झाला नाही. बुचावरच्या भालाइताकडे आणि त्याच्याशेजारी टेकवलेल्या माझ्या डाव्या हाताकडेच बघत राहिलो. प्लास्टरचा वास नाकाशी आला होता.

"ते तुझ्यासाठी नव्हतं," मी हळूच म्हणालो. "तिच्यासाठी होतं... तू जा आता."

बराच वेळ काही झालं नाही. शेजारच्या खोलीतून लेकीचा संथ श्वास ऐकू येत होता.

मग समोरून एक हात टेबलावरून पुढे आला आणि वितीच्या आत आला. लख्ख दिसला. त्याची पाचही बोटं एकाच लांबीची होती, अंगठासुद्धा. कातडी करडी, कोरी. तिच्यावर कुठेही एक रेष नव्हती. तो माझ्या हातावर आला आणि हलकेच थोपटू लागला. झालं गेलं, जाऊ दे, असं म्हणताना थोपटतात तसा.

मी दुसऱ्या हाताने भिंग वर सरकवलं. टेबलावर भालाईत होता, माझा हात होता, पलीकडे रिकामी खुर्ची.

थोपटणं चालूच होतं.